मिरजेचे खाँसाहेब

मिरज जंक्शनवर उतरलेल्या रसिक पाहुण्याने दोन ठिकाणे पाहिल्याशिवाय परतू नये. एक सतारमेकर गल्ली, जेथे भोपळ्यांतून सतारी नि तंबोरे जन्मास येतात. २०२४ साली या वाद्यांना भौगोलिक मानांकनही लाभले. दुसरे ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा. तेथेच किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ चिरनिद्रा घेत आहेत.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ साली उत्तर प्रदेशातील कैराना येथे झाला. गावाचेच नाव घराण्यास मिळाले. तरुणपणी ते बडोद्यास आले. तेथे ताराबाई माने यांच्याशी त्यांचे सूर जुळले आणि दोघांनी बडोदे सोडले. पुढे म्हैसूर दरबारी गाताना कर्नाटक संगीताचा सहवास घडला. तेथील सरगम त्यांनी आपल्या संथ, आर्त आलापीत मिसळून टाकली. परप्रांतातून आलेल्या या गायकाने मराठी नाट्यपदेही गायिली.

त्या काळी विद्या घराण्याबाहेर सहसा जात नसे. खाँसाहेबांनी मात्र १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. त्याआधीच कुंदगोळच्या रामभाऊंना त्यांनी शिष्य म्हणून पदरी घेतले होते. रामभाऊंचे वडील कारकून. पण तेच पुढे सवाई गंधर्व झाले आणि त्यांनी भीमसेन जोशींना घडविले. घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून धीर येतो. विद्या मिळायला वारसाच लागतो असे नाही. देणारा गुरू मात्र लागतो.

जगाला सूर देणाऱ्या या माणसाचा संसार मात्र बेसूर झाला. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. त्याच मुलांतून सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे ही गुणी मंडळी पुढे आली. खाँसाहेबांनी अखेर मिरज जवळ केली. ज्या दर्ग्यावर त्यांची श्रद्धा होती, तेथे ते सेवा म्हणून गात.

१९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडेचरीस जाताना गाडीतच त्यांची प्रकृती बिघडली. सिंगपेरुमाल कोइल या लहानशा स्टेशनवर त्यांना उतरविले आणि तेथेच फलाटावर २७ तारखेस त्यांनी देह ठेवला. त्यांना मिरजेस आणून दर्ग्याच्या आवारात दफन केले.

आजही उरुसात त्यांच्या स्मरणार्थ तेथे संगीतसभा भरते. नामवंत गायक बिदागीची अपेक्षा न ठेवता हजेरी लावतात. ऐकायला येणाऱ्यास तेथे कोणी जात, धर्म वा घराणे विचारीत नाही. खाँसाहेबांचे याहून खरे स्मारक कोणते?