माहीमच्या खाडीवरील रस्ता आणि सर जमशेटजी जीजीभाई

आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यावे, असा परिपाठ आहे. बहुधा ती व्यक्ती आपल्याच ज्ञातीतील असते आणि ते स्वाभाविकही आहे. यंदा हे काम संपादक मंडळाने मजकडे सोपविले, तेव्हा मी एका पारशी गृहस्थांचे नाव सुचविले. एका ज्येष्ठ सभासदांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मी त्यांना इतकेच विचारले, की आपली कन्या वांद्र्यास दिली आहे. दादरच्या भावाकडून निघून तिच्या घरी जाताना आपण ज्या रस्त्याने खाडी ओलांडता, तो कोणाच्या पैशाने झाला? त्यांनी हसून संमती दिली. म्हणून हा लेख.

आपण विक्रोळीकरांना रस्ता म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. एका अंगाला जुना आग्रा रोड, ज्यास आज लाल बहादूर शास्त्री मार्ग म्हणतात. दुसऱ्या अंगाला पूर्व द्रुतगती महामार्ग. आणि पवईच्या तलावाकडून येऊन त्यास मिळणारा जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्ता. या जोडरस्त्याच्या रुंदीकरणासाठी मुंबईच्या तिजोरीत पुरेसा पैसा नव्हता. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाखाली इ. स. २००२ मध्ये जागतिक बँकेचे कर्ज मिळाले, तेव्हा ते काम मार्गी लागले. बाहेरचा पैसा आला की त्याबरोबर बाहेरच्या अटीही येतात. इ. स. २००६ मध्ये विस्थापितांच्या पुनर्वसनाविषयी तक्रारी झाल्या, तेव्हा बँकेने काही महिने पैसे रोखून धरले होते. त्या वेळी आपल्या भागात पुष्कळ त्रागा झाला. परंतु ज्यांची घरे रस्त्यात गेली, त्यांची बाजू घेणारी ती अट होती, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

रस्त्यासाठी बाहेर हात पसरण्याची पाळी या शहरावर प्रथमच आली, असे मात्र नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वीही ती आली होती, आणि तेव्हा पैसा देणाऱ्यांनी एक अट घातली होती. ती अट सांगण्यासाठीच मी हे चरित्र निवडले आहे.

जमशेटजींचा जन्म १५ जुलै १७८३ चा. घरची स्थिती बेताची. इ. स. १७९९ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, आईबापांचे छत्र हरपले. शिक्षण म्हणावे तर व्यवहारापुरते गुजराती वाचन-लेखन आणि हिशेब. मुंबईत त्यांचे मामा फरामजी नसरवानजी बाटलीवाला यांचा रिकाम्या बाटल्या घेण्या-विकण्याचा धंदा होता; तेथे हा मुलगा उमेदवारी करू लागला. पुढे काही काळ त्यांनाही लोक बाटलीवाला म्हणत आणि त्यांनी त्या नावाची लाज धरली नाही. इ. स. १८०३ मध्ये मामांची कन्या आवाबाई हिच्याशी त्यांचा विवाह झाला. या बाईंचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढील हकीकतीत त्यांचे स्थान पतीहून कमी नाही.

त्या काळी मुंबईच्या होतकरू व्यापाऱ्याचे डोळे चीनकडे लागलेले असत. जमशेटजींनी एकूण पाच वेळा चीनची सफर केली. आज विमानाने काही तासांत जाणाऱ्यांना त्या प्रवासाची कल्पना येणार नाही. मोसमी वारे असतील तेव्हाच निघावयाचे, महिनेच्या महिने समुद्रावर काढावयाचे, आणि वाटेत वादळ, रोग व शत्रूची जहाजे यांची टांगती तलवार. इ. स. १८०५ मध्ये ते ब्रन्सविक नावाच्या जहाजावर असता सिंहलद्वीपाजवळ फ्रेंच आरमाराने ते जहाज पकडले. माल गेला, आणि कैदी म्हणून आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत जावे लागले. अंगावरच्या कपड्यांखेरीज फारसे काही उरले नव्हते. परंतु त्या आपत्तीतच जहाजावरील शल्यवैद्य विल्यम जार्डिन यांच्याशी त्यांची ओळख झाली. हेच जार्डिन पुढे वैद्यकी सोडून व्यापारात पडले आणि चीनच्या किनाऱ्यावरील सर्वांत बलाढ्य पेढीचे धनी झाले. मुंबईहून त्यांना माल पुरविणारे प्रमुख व्यापारी झाले जमशेटजी.

इ. स. १८०७ च्या सुमारास सफरी थांबवून ते मुंबईत स्थिर झाले. मोतीचंद अमीचंद हे जैन व्यापारी आणि महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान व्यापारी त्यांचे भागीदार होते. इ. स. १८१४ मध्ये त्यांनी स्वतःचे पहिले जहाज घेतले, आणि मग एकामागून एक जहाजे होत गेली. चाळिशीच्या आतच त्यांची गणना शहरातील अतिश्रीमंतांत होऊ लागली.

आता एक गोष्ट सांगणे भाग आहे. स्मरणिकेतील चरित्रांत अशा गोष्टी गाळण्याची पद्धत आहे, हे मी जाणतो. जमशेटजींच्या जहाजांतून कापूस जाई तशीच अफूही जाई, आणि धनाचा मोठा वाटा अफूचाच होता. माळव्यात पिकणारी अफू मुंबई बंदरातून कँटनकडे रवाना होई. चीनच्या बादशहाने तिच्यावर बंदी घातली होती आणि ती मोडूनच हा व्यापार चाले. इ. स. १८३९ मध्ये चिनी अधिकाऱ्यांनी वीस हजारांहून अधिक पेट्या अफू जप्त करून नष्ट केली. त्यावरून इंग्रजांनी युद्ध पुकारले व इ. स. १८४२ मध्ये चीनला तह करण्यास भाग पाडले. त्याच वर्षी जमशेटजींना सर ही पदवी मिळाली. ती मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. हा योगायोग डोळ्याआड करता येत नाही. त्या व्यापाराला सरकारचा पूर्ण आश्रय होता आणि मुंबईतील सर्व धर्मांचे व ज्ञातींचे मोठे व्यापारी त्यात होते, हे खरे. तथापि ज्या चिनी कुटुंबांची त्या व्यसनाने धूळधाण झाली, त्यांना या समर्थनाचा काय उपयोग? मी एवढेच म्हणेन, की पैसा कसा आला हे सांगितल्यावाचून तो कसा गेला हे सांगणे अर्धे चरित्र होईल.

आता तो कसा गेला ते पाहू. इ. स. १८२२ मध्ये दिवाणी तुरुंगात कर्जापायी खितपत पडलेल्या गरीब कैद्यांची देणी त्यांनी स्वतः फेडली व त्यांना मोकळे केले. सरकारने गुरचराईवर कर बसविला, तेव्हा ठाकुरद्वारानजीक जमीन विकत घेऊन त्यांनी ती गुरांना मोफत चरण्यासाठी ठेवली. चर्नी रोड हे नाव त्या चरणीवरून पडले, असे सांगतात. रुग्णालयासाठी त्यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि सरकारनेही तितकाच वाटा उचलावा असे सुचविले. ही युक्ती शिकण्यासारखी आहे. दात्याने सर्व भार आपल्या शिरावर घेतला की सरकार निश्चिंत होते. ते रुग्णालय इ. स. १८४५ मध्ये उघडले आणि आजही आपल्यापैकी कित्येक कुटुंबे जे. जे. च्या पायऱ्या चढतात.

परंतु रस्त्याकडे वळू. मुंबई हे बेट आणि उत्तरेस साष्टी हे दुसरे बेट, मध्ये खाडी. पूर्वेच्या बाजूस शीव आणि कुर्ला यांच्यामध्ये गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकीर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, बांध घातला गेला होता. त्यावरून घाटकोपर, विक्रोळी, भांडुप करीत ठाण्यास जाता येई; म्हणजे आपल्या गावावरून जाणारी वाट त्यामानाने लवकर सुधारली. मात्र त्या बांधावर पथकर द्यावा लागे. पश्चिमेस, माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये, काहीच नव्हते. होडीत बसावयाचे आणि देवाचे नाव घ्यावयाचे. भरती-ओहोटी सांभाळावी लागे. पावसाळ्यात खाडी खवळली की भाजीवाली, कोळीण, बाळंतिणीला पाहण्यास निघालेली सुईण, सारी अलीकडेच अडकत. होड्या उलटून माणसे बुडत. एका वादळात एकदम वीस होड्या बुडाल्याची कथा माहीमकडील जुनी माणसे सांगत आली आहेत.

लोकांची मागणी होती की येथेही बांध व्हावा. ईस्ट इंडिया कंपनीने खर्चाकडे बोट दाखवून हात आखडता घेतला. युद्धाला पैसा होता, खाडीवरच्या रस्त्याला नव्हता. सरकारची तिजोरी अशा वेळी कोणत्याही काळात सारखीच वागते. तेव्हा आवाबाई पुढे झाल्या. देणगी त्यांच्या स्वतःच्या नावाने दिली गेली. प्रथम अंदाज एक लाखाचा होता. काम सुरू झाल्यावर तो अपुरा ठरला, (अंदाजपत्रके तेव्हाही फुगत असत, हे वाचून आपल्या इमारत समितीस धीर येईल,) आणि बाईंनी आणखी रक्कम घातली. एकंदर सुमारे दोन लाखांच्या खर्चापैकी दीड लाखाहून अधिक त्यांनी दिले. ज्या काळात रुपया-दोन रुपयांत मजुराचा आठवडा निघे, त्या काळातले हे दीड लाख आहेत.

या दानाला जोडलेली अट अशी, की या रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून सरकारने पथकर घेऊ नये. आपल्या नावाची पाटी लावा किंवा आमच्या गाड्यांना आधी वाट द्या, अशी मागणी नव्हती. एकदा पैसा दिला की तो दिला. डोक्यावर टोपली घेऊन चाललेल्या बाईकडून तो दिडकी-दिडकीने पुन्हा वसूल होता कामा नये. बांध पुरा झाला आणि इ. स. १८४५ च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर यांच्या हस्ते तो खुला झाला.

ही अट मला विशेष का वाटते, हे सांगतो. मुंबईच्या वेशीवर मुलुंड, ऐरोली, वाशी, दहिसर येथे उड्डाणपुलांच्या खर्चापोटी टोलनाके बसले, आणि आपण विक्रोळीकरांनी ठाण्याच्या नातलगांकडे सणावारी जातानाही वर्षानुवर्षे टोल भरला. एका दिवाळीला नाक्यावरील रांगेत गाडी इतकी रखडली, की भाऊबीजेचे ओवाळणे रात्री दहाला झाले. हलक्या वाहनांना तेथे माफी मिळाली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये. रस्त्याला पैसा लागतो आणि तो कोठून तरी यावयास हवा, हे मला मान्य आहे. कर्ज काढले तर ते फेडावेही लागते. पण फेडीचा भार कोणाच्या खांद्यावर पडेल, याचा विचार त्या बाईंनी पैसे देण्याआधीच करून ठेवला होता.

पुढील हकीकत थोडक्यात. पुण्यास मुळा-मुठेवर पाण्यासाठी बंधारा झाला, त्यातही जमशेटजींचा पैसा होता. बंडगार्डन हे नाव त्या बंधाऱ्याचे. इ. स. १८४९ मध्ये गरीब पारशी मुलांच्या शिक्षणासाठी संस्था निघाली. आगगाडी आणण्याच्या खटपटीत नाना शंकरशेट यांच्याबरोबर ते होते. चित्रकला व शिल्पकला शिकविणारी शाळा त्यांच्या एक लाखाच्या देणगीतून इ. स. १८५७ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी त्यांना बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली. १४ एप्रिल १८५९ रोजी ते निवर्तले. आवाबाई त्यांच्यामागे अकरा वर्षे होत्या, इ. स. १८७० मध्ये त्यांचे निधन झाले.

मी शाळेत असताना एकदा सातवीच्या मुलांची सहल वांद्र्याच्या किल्ल्यावर नेली होती. माहीमहून बस जात असता मी विचारले, की या रस्त्याला एल. जे. रोड म्हणतात, तर त्या एल. जे. चा अर्थ काय? मुले एकमेकांकडे पाहू लागली. एकाने धीर करून सांगितले, की कोणी साहेब असेल. मी म्हटले, साहेब नव्हे, लेडी जमशेटजी. आणि खाडी येईपर्यंत वरील हकीकत जमेल तेवढी सांगितली. बस बांधावर आली तेव्हा सारी मुले उजव्या-डाव्या खिडक्यांशी गेली व पाण्याकडे पाहू लागली. ओहोटी होती, चिखलात दोन होड्या कलंडून पडल्या होत्या. त्या साहेबवाल्या मुलाने मला हळूच विचारले, की गुरुजी, त्या बाई स्वतः कधी होडीतून गेल्या होत्या काय? मला उत्तर देता आले नाही.