मलिक अंबरची नहर

मुलांनो, सांगोल्यात राहणाऱ्याला पाण्याची किंमत शिकवावी लागत नाही. पाऊस थोडा, तोही लहरी. माण नदी वर्षातले बरेच महिने कोरडी असते. आता तर हवामानही बदलत चालले आहे. पाऊस आला तर एकदम कोसळतो, नाहीतर महिनाभर तोंड दाखवत नाही. अशा मुलखात पाणी कसे राखावे, याचे एक उत्तर चारशे वर्षांपूर्वी आपल्या दख्खनमध्येच दिले गेले. ते देणाऱ्याचे नाव मलिक अंबर.

अंबरचा जन्म सुमारे 1548 साली आफ्रिकेत, हबशांच्या देशात झाला. त्या देशाला आज इथिओपिया म्हणतात. लहानपणीच त्याला गुलाम म्हणून विकण्यात आले. हातोहात विकला जात तो बगदादला आणि तेथून दख्खनमध्ये आला. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. चंगेजखान स्वतः हबशी होता आणि एके काळी गुलामही होता. त्याच्या हाताखाली अंबर राज्यकारभार शिकला. मालकाच्या मृत्यूनंतर तो स्वतंत्र झाला. 1600 साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. पण अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशाहाला गादीवर बसवून राज्य सावरले.

1610 साली त्याने खडकी येथे शहर वसवायला घेतले. जागा चांगली होती, पण पाण्याचे काय? अंबरने उत्तरेकडच्या डोंगरांकडे पाहिले. डोंगरावर पडलेला पाऊस माती आणि खडकांच्या फटींतून खाली मुरतो, हे तो जाणून होता. त्याने जमिनीखाली बोगदा खणवला. बाजूंनी झिरपणारे पाणी त्यात जमा होई. बोगद्याला बेताचा उतार दिलेला होता, त्यामुळे पाणी आपोआप शहराकडे वाहत येई. मोट नको, बैल नकोत. पुढे मातीच्या नळांतून ते हौदांत पोहोचे. इराणात ही रीत फार जुनी होती. नहरीचे काम सुमारे 1617 साली झाले. तिला खैर-ए-जारी असे नाव दिले, असे सांगतात. त्याचा अर्थ तुम्हांला मी सांगायला नको!

(सहलीत पाहिलेली पाणचक्की मात्र अंबरची नव्हे. ती अठराव्या शतकातली आहे.)

या नहरीची मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. पाणी जमिनीखालून वाहत असल्याने उन्हाने ते फारसे आटत नसे. आणि जेवढे झिरपेल तेवढेच मिळे. जास्त उपसताच येत नसे. आपली बोअर तसे करत नाही. पाणी खाली गेले की आपण ती आणखी खोल नेतो. तुमच्या डाळिंबाच्या बागेतले शेततळे पावसाच्या पाण्याने भरते की बोअरच्या, हे घरी विचारून पाहा.

अंबर शेतकऱ्यांचाही विचार करी. जमीन मोजून, तिची प्रत पाहून त्याने सारा ठरवला. लढाईतही त्याने पाण्याची मदत घेतली. 1624 साली अहमदनगरजवळ भातवडी येथे मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या. अंबरने तेथील तलावाचे पाणी सोडले. सगळीकडे चिखल झाला आणि शत्रू अडकून पडला. शहाजीराजे भोसले या लढाईत अंबरच्या बाजूने लढले. त्यानंतर अंबरने आपल्या सोलापूरचा किल्लाही जिंकला.

पुढे शहर वाढले. नहरीवर घरे उभी राहिली, कोठे नळ फुटले, कोठे बुजले. डोंगराच्या उतारावरही वस्ती आली, तेथे पाणी मुरायचे कमी झाले. आता शहराला पैठणच्या जायकवाडी धरणातून, सुमारे पन्नास किलोमीटरवरून, पंपाने पाणी चढवून आणावे लागते.

1626 साली मलिक अंबर वारला. त्याची कबर खुलदाबादला आहे. त्याच्या मुलाने, फत्तेखानाने, खडकीला फतेहनगर म्हटले. 1653 साली शहर औरंगाबाद झाले आणि 2023 सालापासून ते छत्रपती संभाजीनगर आहे. नहरीला मात्र लोक अजून अंबरचीच नहर म्हणतात.