डॉ. भाभा आणि लातूरचा उडीद

मूलभूत संशोधनाने सामान्य माणसाच्या पदरात काय पडते, हा प्रश्न नांदेड-लातुरातील सुशिक्षितही विचारतात. त्याचे उत्तर डॉ. होमी भाभा यांच्या चरित्रात आहे.

१९०९ साली मुंबईत जन्मलेले भाभा केंब्रिजला यंत्रविद्या शिकावयास गेले आणि विश्वकिरणांच्या गणितात रमले. १९३९ साली ते सुट्टीवर मायदेशी आले असता महायुद्ध पेटले व ते येथेच राहिले. १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापिली. संशोधनाची उपकरणे परदेशातून न मागविता येथेच घडवावीत, हा त्यांचा आग्रह होता. त्यातून तंत्रज्ञांची एक पिढी तयार झाली. जानेवारी १९६६ मध्ये माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात भाभा गेले. परंतु त्या तंत्रज्ञांच्या बळावर १९६७ साली हैदराबादेत इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनचा कारखाना उभा राहिला.

भाभांनी उभारलेल्या तुर्भे येथील अणुकेंद्राची दुसरी वाट शेतात गेली. किरणोत्सर्गाने पालट घडविलेल्या वाणाच्या संकरातून निपजलेला ‘टीएयू-१’ उडीद, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने, १९८५ साली महाराष्ट्रातील शेतकऱ्यांसाठी प्रसृत झाला. उडीद-तुरीच्या व्यापारावर ज्याचा मोंढा गजबजतो, त्या लातूरला अणुविज्ञान परके वाटण्याचे कारण नाही.

ही फळे आपोआप पिकली नाहीत. प्रयोगशाळेपासून कारखान्यापर्यंतचा रस्ता भाभांनी हयातीतच आखून ठेवला होता. नांदेडचे विद्यापीठ आणि लातूरच्या डाळमिली यांच्यामधला रस्ता मात्र आपणांसच बांधावयाचा आहे.