मंगल फाँटमागचे जोशी सर

मराठीत ‘कि’ टाइप करताना आधी ‘क’ दाबायचा, मग वेलांटी. स्क्रीनवर मात्र वेलांटी टुणकन उडी मारून ‘क’च्या डावीकडे जाऊन बसते. ‘ज्ञ’ची गंमत आणखी वेगळी. कम्प्युटरच्या पोटात असतात ज, हलन्त आणि ञ. आपल्याला दिसतं एकच अक्षर. ही जादू आपण रोज वापरतो. ती घडवणाऱ्यांपैकी एक माणूस आपल्या पवई-जुहूत काम करत होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यांचं नाव रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजेच र. कृ. जोशी.

बटणं कमी आणि खुणा जास्त, हा प्रॉब्लेम फक्त आपलाच नव्हता. १९६०च्या दशकात एपीएल नावाची प्रोग्रॅमिंग लँग्वेज आली. आकड्यांच्या अख्ख्या तक्त्यावर एका खुणेत काम करणारी! पण तिच्या खुणा साध्या टाइपरायटरवर नव्हत्याच. आयबीएमच्या टाइपरायटरसाठी त्या खुणांचा वेगळा गोळा बनवावा लागला. काही खुणा तर एकावर एक दोन अक्षरं ठोकून उमटवायच्या.

देवनागरीचा गुंता याहून मोठा. काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं धरली तर आकार शेकड्यांनी होतात. टाइपरायटरने त्यावर सोपा उपाय काढला: जे मावत नाही ते तोडा. जोडाक्षरं पाय मोडून लिहिली जाऊ लागली. छपाई सोपी व्हावी म्हणून लिपीच बदलायचे प्रयत्नही झाले. सावरकरांची ‘अ’ची बाराखडी त्यातलीच. थोडक्यात, यंत्रासाठी लिपीने वाकायचं की लिपीसाठी यंत्राने, असा हा सामना होता.

जोशी सर दुसऱ्या बाजूचे. जन्म १९३६चा. जे. जे.मध्ये उपयोजित कलेचं शिक्षण, मग जाहिरातींची दुनिया. ‘उल्का’ या एजन्सीत त्यांनी दोन दशकं काढली. सोबत कॅलिग्राफी आणि कविताही चालू. अक्षरांच्या मांडणीतूनच अर्थ उभा राहील, अशा कविता ते करत. सगळ्या भारतीय भाषांना चालेल अशी ‘देशनागरी’ नावाची लिपीही त्यांनी मांडून पाहिली.

१९८३मध्ये ते पवईला आयआयटीच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवायला आले आणि १९९६पर्यंत तिथे राहिले. तेव्हा वय साठ. लोक या वयात पेन्शनची कागदपत्रं गोळा करतात. सर मात्र जुहूच्या एनसीएसटीत, म्हणजे आजच्या सी-डॅक मुंबईत, इंजिनीअर लोकांबरोबर फाँट बनवायला बसले.

त्या काळी प्रत्येक मराठी फाँटचा कोड वेगळा. एका कम्प्युटरवर टाइप केलेलं पत्र दुसरीकडे उघडलं की नुसता कचरा दिसायचा. युनिकोडने प्रत्येक मूळ अक्षराला एक ठरलेला नंबर दिला. आधीच्या इस्की या भारतीय प्रमाण कोडवर ही मांडणी उभी होती. पण नंबर म्हणजे अक्षर नव्हे. कुठल्या क्रमाने काय आलं तर कुठला आकार दाखवायचा, हे फाँटमध्ये भरावं लागतं. तो प्रत्येक आकार कुणीतरी काढावाही लागतो. इथे जोशी सरांचा हात कामी आला. टाइप करणाऱ्याने फक्त उच्चाराच्या क्रमाने बटणं दाबायची; जोडाक्षर जुळवण्याची डोकेदुखी फाँटची.

विंडोज २०००सोबत त्यांचे दोन फाँट जगभर गेले: देवनागरीसाठी ‘मंगल’ आणि तमिळसाठी ‘लता’. मंगल दिसायला साधा आहे, नटलेला नाही. स्क्रीनवर नीट वाचता यावं, ही त्याची खरी ड्युटी. सरकारी टायपिंग टेस्टच्या जाहिरातींत आजही त्याचं नाव दिसतं.

शेवटच्या वर्षांत सर वैदिक संस्कृतकडे वळले. वेदपठणात स्वर कुठे चढतो, कुठे उतरतो, हे दाखवणाऱ्या बारीक खुणा असतात. त्या कम्प्युटरवर कशा आणायच्या, यावर त्यांनी जाणकारांसोबत काम केलं. फेब्रुवारी २००८मध्ये अमेरिकेत त्यांचं निधन झालं. वैदिक खुणांचा स्वतंत्र गट युनिकोडमध्ये आला २००९मध्ये. तो पाहायला सर नव्हते.

आज आपण मित्राला मराठीत मेसेज टाकतो तेव्हा ‘दऱ्या’ला ‘दर्या’ लिहून वेळ मारून न्यायची गरज उरलेली नाही. ‘ऱ्य’ हवा असेल तर ‘ऱ्य’च उमटतो. कीबोर्ड लहानच राहिला. तरीही लिपीला एकही अक्षर सोडावं लागलं नाही.