हरण्यातून शिकवणारे मास्तर : सय्यद अब्दुल रहीम

गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेत आपल्या महाविद्यालयाचा संघ पहिल्याच सामन्यात सात गोलांनी हरला. त्या संघात मी होतो. परतीच्या गाडीत कोणी कोणाशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मात्र सगळेच बोलत होते. जालन्याच्या पोरांनी क्रिकेट खेळावे, फुटबॉल हे आपले काम नव्हे, असा एकंदर सूर होता. आमच्यापैकी तिघांनी तर संघ मोडून टाकण्याची भाषा सुरू केली. क्रीडा विभागाच्या सरांनी यावर एक शब्दही काढला नाही. त्यांनी एवढेच जाहीर केले, की पुढचा आठवडाभर उजव्या पायाच्या खेळाडूने उजव्या पायाने चेंडूला स्पर्श करायचा नाही. मला ती शिक्षाच वाटली.

घरी येऊन आजोबांपाशी कुरकुर केली. आजोबांचे वय अठ्ठ्याऐंशी. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारले, की तुमच्या सरांना रहीमसाहेब ठाऊक आहेत का? मी गोंधळलो. मग त्या रात्री आणि त्यानंतरच्या कितीतरी रात्री आजोबांनी मला जे सांगितले, आणि पुढे ग्रंथालयात बसून मी जे वाचले, त्यातून हा लेख झाला आहे.

आजोबांच्या तरुणपणी मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. ते १९५८ साली झाले. तोवर आपल्याकडील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली असत, आणि ज्याला जमेल तो शिकायला थेट हैदराबाद गाठी. आजोबाही असेच मनमाड-सिकंदराबाद मार्गाच्या गाडीत बसून गेले. तिथे अभ्यासाबरोबर एक व्यसन लागले, ते फुटबॉल पाहण्याचे. त्या काळी हैदराबादेत या खेळाचे वेड होते आणि त्या वेडाच्या मध्यभागी एक शाळामास्तर उभे होते. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. सारे हैदराबाद त्यांना रहीमसाब म्हणून ओळखे.

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. शिक्षणही तिथलेच. उस्मानिया विद्यापीठाच्या संघातून ते खेळले. मुसी नदीच्या काठी सिटी कॉलेजची भव्य इमारत आहे. त्या कॉलेजच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी इलेव्हन हंटर्स नावाचा संघ काढला होता. रहीम त्या संघातही खेळत. म्हणजे भारताच्या फुटबॉलला पुढे ज्याने आकार दिला, तो माणूस मुळात कॉलेजच्या मैदानावर घडलेला होता. मित्रहो, आपल्यासारख्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पदवी मिळाल्यावर त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. काचीगुडा, चादरघाट अशा भागांतील शाळांत त्यांनी शिकवले. शारीरिक शिक्षणाची पदविकाही घेतली. वर्गात फळ्यापुढे उभे राहून मुलांना शिकवण्याची ही सवय त्यांच्या अंगी इतकी मुरली, की पुढे देशाच्या संघाचे प्रशिक्षक झाल्यावरही ते मूळचे मास्तरच राहिले. कोणता मुलगा कोठे कच्चा आहे हे आधी हेरायचे आणि नेमका तोच धडा त्याच्याकडून घोटून घ्यायचा, ही त्यांची रीत. १९४० नंतरच्या काही वर्षांतच ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीस झाले आणि ती जबाबदारी त्यांनी अखेरपर्यंत वाहिली.

चिटणीस म्हणून त्यांनी ज्या स्पर्धा भरवल्या, त्या ऐकून मी थक्क झालो. एका स्पर्धेत खेळाडूने फक्त आपल्या कमजोर पायाने खेळायचे. दुसरीत चेंडू पायाशी खेळवत नेण्यास मनाई. आला की लगेच सोबत्याकडे द्यायचा. आणखी एक स्पर्धा केवळ बुटक्या खेळाडूंसाठी, म्हणजे उंच, धिप्पाड मुलांपुढे ज्यांची डाळ शिजत नाही त्यांनाही मैदान मिळावे. हे सारे करताना त्यांच्यापुढे एक साधा हिशेब होता. आपली मुले अंगापिंडाने युरोपच्या खेळाडूंशी टक्कर देऊ शकणार नाहीत. तेव्हा चेंडू धावला पाहिजे, खेळाडूने विचार केला पाहिजे आणि दोन्ही पाय सारखे चालले पाहिजेत. आमच्या सरांची शिक्षा कोणत्या शाळेतून आली, ते मला त्या रात्री उमगले.

१९५० साली हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाची सूत्रे रहीम यांच्याकडे आली. येथे आजोबा जरा थांबले. आमच्या घरात निजामाच्या पोलिसांची आठवण काही चांगली नाही. मुक्तिसंग्रामाच्या दिवसांत पोलीस म्हटले की घराची कवाडे लागत. १९४८ च्या सप्टेंबरात पोलिस कारवाई झाली, निजामी राजवट संपली, आणि दोनच वर्षांनी त्याच शहराच्या पोलिसांचा संघ मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स चषक जिंकून आला. जालना तेव्हा हैदराबाद राज्यातच होते. म्हणजे जिंकला तो आपलाच संघ. आनंद मानावा की न मानावा, असा पेच आजोबांच्या वडिलांना पडला होता म्हणे. पण पोलिसांनी तो चषक १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीने पाच वर्षे जिंकला. तिसऱ्या वर्षापर्यंत पणजोबांचा पेच सुटला होता. वर्तमानपत्र आले की ते आधी खेळाचे पान उघडू लागले होते.

रोव्हर्स चषकाबरोबर दिल्लीचा ड्युरँड चषकही या संघाने १९५०, १९५४ आणि १९५७ साली पटकावला. कलकत्त्याचे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे त्या काळचे बलाढ्य संघ. त्यांच्या मागे मोठे शहर, पैसा आणि लाखो चाहते होते. हैदराबादच्या संघात होते ते साधे पोलीस शिपाई आणि गरीब वस्त्यांतील पोरे.

त्यातलेच एक तुलसीदास बलराम. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा गावचा हा मुलगा. सरावासाठी हैदराबादला रोज यायचे तर जाण्यायेण्याला पैसे नाहीत. रहीम यांनी त्याला भाड्याच्या सायकलीसाठी रोज आपल्या खिशातून रुपया दिला, असे सांगतात. हाच मुलगा पुढे दोन ऑलिंपिक खेळला आणि भारताच्या सर्वश्रेष्ठ आघाडीपटूंमध्ये गणला गेला. २०२३ साली बलराम वारले, तेव्हा आजोबा दिवसभर गप्प होते.

राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदी रहीम यांची कारकीर्द विजयाने सुरू झाली. मार्च १९५१ मध्ये दिल्लीला पहिले आशियाई क्रीडासामने झाले. अंतिम सामन्यात साहू मेवालाल यांच्या गोलाने भारताने इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळवले. कर्णधार होते शैलेन मन्ना. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. उत्तर युरोपातली थंडी, ओलसर हिरवळ आणि समोर बूट घातलेले धिप्पाड गडी! सात गोलांनी हरल्याचे दुःख मी उगाळत होतो, तेव्हा आजोबांनी हा आकडा मुद्दाम दोनदा सांगितला.

येथेच या माणसाचे खरे मोठेपण दिसते. थंडीला, बुटांना किंवा नशिबाला बोल लावून मोकळे होणे सोपे होते. रहीम यांनी त्या पराभवाकडे मास्तराच्या नजरेने, नापास झालेल्या उत्तरपत्रिकेकडे पाहावे तसे पाहिले. हेलसिंकीनंतर बूट सक्तीचे झाले. मागे दोनच बचावपटू ठेवण्याची जुनी पद्धत मागे पडली. १९५३ साली हंगेरीच्या संघाने वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असे लोळवले आणि साऱ्या जगाला नवा खेळ दाखवला. मधला आघाडीपटू पुढे गोलाजवळ उभा न राहता मागे सरकून खेळतो आणि त्याला धरायला आलेल्या बचावपटूमुळे पुढची जागा मोकळी होते, ही त्यातली मेख. रहीम यांनी ती आत्मसात केली आणि आपल्या संघांना शिकवली. पुढे १९५८ च्या विश्वचषकात ब्राझीलने जी ४-२-४ रचना प्रसिद्धीस आणली, तिच्या धर्तीचा खेळ भारतीय खेळाडू त्याआधीच खेळू लागले होते.

या अभ्यासाचे फळ मेलबर्नला मिळाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना होऊन हैदराबाद राज्य नकाशावरून नाहीसे झाले आणि आपला मराठवाडा मुंबई राज्यात आला. बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबर रोजी, ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच भूमीवर ४-२ असे हरवले. मूळ गोव्याच्या आणि मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा यांनी त्यात तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. उपांत्य फेरीत गाठ पडली ती पुन्हा युगोस्लाव्हियाशी. नेव्हिल यांनी पहिला गोल करून भारताला आघाडीही मिळवून दिली, पण अखेर सामना ४-१ असा गेला. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बल्गेरियाने आपल्याला हरवले. चौथा क्रमांक मिळाला. पदक हुकले खरे, परंतु ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा आशियातील पहिला देश भारत ठरला. चार वर्षांपूर्वी दहा गोल खाल्लेल्या संघाची ही मजल होती.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये गटच कठीण होता. हंगेरीशी १-२ असा निसटता पराभव झाला, फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाली आणि पेरूने ३-१ असे हरवले. या संघात रहीम यांचा मुलगा सय्यद शाहिद हकीम हाही निवडला गेला होता. एकाही सामन्यात त्याला मैदानात उतरता आले नाही. बाप प्रशिक्षक आणि मुलगा राखीव बाकावर, हे दृश्य मी अनेकदा डोळ्यांपुढे आणून पाहतो. हकीम पुढे हवाई दलात अधिकारी झाले, आंतरराष्ट्रीय पंच झाले आणि २०२१ साली गुलबर्ग्याला वारले.

शेवटचा अध्याय जकार्ताचा. १९६२ च्या आशियाई सामन्यांच्या वेळी रहीम यांना फुप्फुसाच्या कर्करोगाने ग्रासले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले. संघातील दुखापती वाढत होत्या. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. त्यातच यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांना प्रवेश नाकारला होता. त्यावर गुरुदत्त सोंधी या भारतीय क्रीडाधुरीणांनी आक्षेप घेतल्यामुळे स्थानिक जनता आपल्यावर भडकलेली होती.

तशातही भारताने थायलंड आणि जपान यांना हरवले, उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला ३-२ असे नमवले आणि अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियापुढे उभा राहिला. रहीम यांनी टाके पडलेल्या जर्नेल सिंगांना बचावातून काढून आघाडीला खेळवले. डोक्याला पट्टी बांधलेला हा गडी तिथे उपयोगी पडेल, हे एका मास्तरालाच सुचू शकते. ४ सप्टेंबर १९६२ रोजी खवळलेल्या, हुर्यो उडवणाऱ्या प्रेक्षकांपुढे भारताने तो सामना २-१ असा जिंकला. पहिला गोल प्रदीपकुमार बॅनर्जींचा, दुसरा जर्नेल सिंगांचा! कर्णधार होते चुनी गोस्वामी.

त्यानंतर नऊच महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, रहीम यांचे निधन झाले. वय अवघे त्रेपन्न. पुढे १९७० साली भारताने आशियाई सामन्यांत कांस्यपदक मिळवले, पण सुवर्णपदक त्यानंतर आजतागायत मिळालेले नाही. मेलबर्ननंतर ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीचे तर नावच नको. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तो १९८५ साली, म्हणजे या द्रोणाचार्याच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी. २०२४ साली त्यांच्या जीवनावर हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा आमच्या पिढीला त्यांचे नाव कळले. मीही तो पाहिला होता. परंतु हा माणूस एके काळी आपल्याच राज्याचा होता, ज्या उस्मानियाच्या पदव्या आपल्या वाडवडिलांनी मिळवल्या त्याच विद्यापीठाचा तो विद्यार्थी होता, हे चित्रपटगृहातून बाहेर पडताना माझ्या डोक्यातही आले नव्हते. हैदराबाद राज्याच्या काही आठवणी कडू आहेत, म्हणून सगळ्याच पुसून टाकायच्या का, हा प्रश्न आता मला पडतो.

आमच्या संघाचे काय झाले, हे सांगून लेख संपवतो. संघ मोडला नाही. आठवडाभराची ती शिक्षा आम्हीच मागून महिनाभर वाढवून घेतली. पहिले काही दिवस चेंडू कोठेही जाई आणि मैदानाबाहेरची मुले पोट धरून हसत. या वर्षीच्या स्पर्धेतही आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो, पण दोन गोलांनी. पाच गोलांचा हा फरक फार मोठा नाही, हे मला कबूल आहे. परतीच्या गाडीत मात्र सगळे बोलत होते. आपला कोणता खेळाडू कोठे कमी पडला, याचीच चर्चा जालना येईपर्यंत चालली होती.

तृतीय वर्षाचे चौघे यंदा बाहेर पडत आहेत. तेव्हा त्यांच्या जागा रिकाम्या आहेत. सराव सकाळी सहाला असतो. उंची, वजन आणि पूर्वीचा अनुभव यांची अट नाही. कमजोर पाय असला तर उत्तमच.