स्वरांची मधुकरी : गायनाचार्य भास्करबुवा बखले

संतसज्जनहो, आपली चाल तेवढी खरी आणि दुसऱ्या फडाची चाल कानी आली की नाक मुरडायचे, ही खोड आम्हा गाणाऱ्या मंडळींस फार. जे आयुष्यभर या खोडीच्या वाऱ्यासही उभे राहिले नाहीत, त्या भास्करबुवा बखले यांचे चरित्र आज सेवेला घेतले आहे.

बुवांचा जन्म १८६९ साली कठोर या गावचा. गाण्याचे पहिले धडे बडोद्यास विष्णुबुवा पिंगळे या कीर्तनकारांपाशी मिळाले. म्हणजे मूळ कीर्तनाच्याच अंगणातलं, बरं का! पुढे गोड गळ्यामुळे किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले. तेथे नाव झाले, आणि वयात येताच आवाज फुटला. नाटकातल्या पोराचा गळा गेला म्हणजे सारेच गेले. दुसरा घरी बसला असता. बुवा फैज महंमदखाँसाहेबांच्या दारी शिष्य होऊन बसले.

ब्राह्मणाच्या मुलाने मुसलमान उस्तादाची सेवा करावी, हे त्या काळी सोपे नव्हते. पण विद्या जेथे असेल तेथे मस्तक लववावे, हा बुवांचा धर्म. खाँसाहेबांपाशी ग्वाल्हेरची शिस्तीची, मोकळी गायकी मिळाली. मग आग्र्याचे नत्थनखाँ यांच्यापाशी लयीचा आणि बोलांचा खेळ साधला.

एवढ्यावर पुष्कळ झाले असते. बुवांची कीर्ती झाली होती, मैफली गाजत होत्या. तरी अल्लादियाखाँसाहेबांची पेचदार गायकी ऐकली आणि बुवा पुन्हा शिष्य झाले! नाव झाल्यावर पुन्हा पाटीपुढे बसणे किती जड असते, हे ज्याचे त्याने मनास विचारावे.

विद्यार्थी पाच घरची मधुकरी आणतो. कुठली भाकरी, कुठला भात. पण अंगी लागते ते रक्त एकच. तिन्ही घराणी बुवांच्या कंठी तशी एकजीव झाली.

आम्ही तरुणपणी एका थोर मृदंगाचार्यांस, केवळ ते दुसऱ्या परंपरेचे म्हणून, साथीस घेतले नाही. ते आता नाहीत. साठी उलटल्यावर ती चूक जाचते. अभिमान आमचा राहिला, पण लय गेली.

बुवांनी मिळवलेले कोंडून ठेवले नाही. १९११ साली पुण्यात भारत गायन समाज स्थापला. १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकास चाली दिल्या. बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव हे त्यांचेच शिष्य. १९३५ साली ‘धर्मात्मा’ बोलपटात बालगंधर्व एकनाथ महाराज झाले, संगीत मास्तरांचे. तीन घरची मधुकरी अशी नाथांच्या दारी पोचली! ते पाहण्यास बुवा नव्हते. त्यांनी १९२२ साली पुण्यात देह ठेवला होता.

तेव्हा बाबांनो, यंदा वारीत मुक्कामी शेजारच्या दिंडीचे भजन चालले असेल, तर टाळ घेऊन जरा तिकडेही जाऊन बसा. पाऊल अडखळेल, अडखळू द्यावे. रामकृष्णहरि.