अक्षरांचे ओतारी : कै. जावजी दादाजी

पालघर असो वा बोईसर-तारापूर, संगणकावर अर्ज अथवा निबंध लिहिणाऱ्यांस एक अनुभव हटकून येतो. पडद्यावर सुबक दिसणारा मजकूर दुसऱ्या ठिकाणी छापावयास नेला, की अक्षरांचे वळण पालटते, ओळी मागेपुढे सरकतात, आणि क्वचित जोडाक्षरे फुटून काहीच वाचता येईनासे होते. कारण साधे आहे. ज्या अक्षरसंचात, म्हणजे फाँटमध्ये, आपण लिहिले तो संच दुसऱ्या यंत्रात नसला, तर ते यंत्र आपल्या हाताशी असेल तो संच वापरते. योजलेले अक्षर आणि कागदावर उमटलेले अक्षर एकच असावे, ही चिंता मात्र संगणकाबरोबर जन्मास आलेली नाही. ती ज्यांनी आयुष्यभर वाहिली, त्या कै. जावजी दादाजी चौधरी यांचे चरित्र म्हणूनच मननीय आहे.

जावजींचा जन्म १८३९ साली मुंबईत एका गरीब कुटुंबात झाला. शाळेतील शिक्षण पुरे होण्यापूर्वीच उदरनिर्वाहाचा प्रश्न उभा राहिला, आणि वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा दोन रुपये वेतनावर राहिले. काम कोणते, तर खिळे घासण्याचे! त्या काळी छपाईचे प्रत्येक अक्षर धातूचे असे. प्रथम पोलादी दांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरीत. तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करीत. मग त्या साच्यात शिसे, कथील व अँटिमनी यांचा रस ओतून खिळा पाडीत. ओतलेल्या खिळ्याच्या कडा खडबडीत राहात. त्या घासून सारख्या केल्या नाहीत, तर शिरोरेषा तुटे व ओळ वाकडी उमटे. काम हलके खरे. परंतु पानाचे सौंदर्य वाचकाच्या दृष्टीस कधीच न पडणाऱ्या त्या कडेवर अवलंबून असे. याच छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्यासारख्या देवनागरी खिळ्यांच्या मर्मज्ञाच्या हाताखाली जावजींस या विद्येची ओळख झाली.

पुढे इतर छापखान्यांत नोकरी करून अनुभव व थोडी पुंजी गाठीस बांधल्यावर, १८६४ साली जावजींनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला. ठसे कोरण्याच्या कामी त्यांस राणोजी रावजी आरू हे कुशल कारागीर लाभले. देवनागरीत मूळ अक्षरे थोडी असली, तरी काना, मात्रा, रफार व जोडाक्षरे मिळून ठशांची संख्या कित्येक शतांवर जाते. आणि ते सर्व एकाच हातचे वाटावे लागतात. आरूंच्या कोरणीने आणि जावजींच्या साक्षेपाने हे साधले. १८६९ साली त्यांनी निर्णयसागर छापखाना स्थापिला. आपल्या तारापूरच्या अणुकेंद्रातून वीज वाहू लागली ती १९६९ साली, म्हणजे त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी.

निर्णयसागराचे नाव पंचांगामुळे घरोघरी झाले. १८८१ साली मुलांकरिता विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ मासिक तेथून निघू लागले. १८८६ साली पंडित दुर्गाप्रसाद व काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली ‘काव्यमाला’ सुरू झाली, आणि जुन्या पोथ्यांत पडून राहिलेले संस्कृत ग्रंथ देशोदेशींच्या विद्वानांच्या हाती गेले. ज्यास स्वतःस शाळा पुरी करता आली नाही, त्याच्या खिळ्यांनी पंडितांचे ग्रंथ उजेडात आणले! शुद्ध व नेटकी छपाई म्हणजे निर्णयसागर, असे समीकरणच होऊन बसले. १८९२ साली जावजी निवर्तले. त्यांचे चिरंजीव तुकाराम जावजी यांनी कार्य पुढे चालविले.

धातूचे खिळे आता छापखान्यांतून गेले. परंतु त्यांचे वळण गेले नाही. २०१५ पासून निघू लागलेल्या मूर्ती ग्रंथमालेसाठी फिओना रॉस व जॉन हडसन यांनी जे देवनागरी फाँट घडविले, त्यांची प्रेरणा निर्णयसागरचे खिळेच होत. त्याच कुळातील ‘टायरो देवनागरी’ फाँट मराठीसाठीही विनामूल्य मिळतो. जावजींच्या काळचा साचा तांब्याचा होता, आजचा आकड्यांनी वर्णिलेल्या वक्ररेषांचा आहे, इतकाच भेद. त्या एकाच साच्यातून पडदा जाड ठिपक्यांनी अक्षर रेखाटतो व प्रिंटर अतिसूक्ष्म ठिपक्यांनी. म्हणून पडद्यावर ठसठशीत दिसणारे अक्षर कागदावर किंचित नाजूक भासते. पण साचाच निराळा असेल, तर अक्षर बदलल्यावाचून कसे राहील?

यास्तव मजकूर धाडताना साचाही सोबत धाडावा. लेखन युनिकोडमध्ये करावे, फाँट आत समाविष्ट करून पीडीएफ प्रत तयार करावी, आणि पहिले पान छापून डोळ्यांखाली घातल्यावाचून दुसरे छापू नये. वेलांटी तुटलेला अर्ज वाचणारा यंत्रास दोष देत नाही, अर्जदारासच देतो. दोन रुपयांवर खिळ्यांच्या कडा घासणाऱ्या मुलाने जी दक्षता पाळली, ती पाळण्यास आपणांस एका पानाचा खर्च पुरतो.